सगळं पास

३ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर काढली, पण आजच्यासारखा भाजलो नव्हतो.

ही वही बायकोच्या शिवणाच्या डब्याखाली पडून होती. मला लिहायची सवय नाही. पण माझा राग दोन दिवसांत निवतो आणि नंतर लोक मला गरीब गाय समजतात. हा राग निवू द्यायचा नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

दुपारी मालकीणबाईंनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. गॅस असाच जळत राहिला तर वर्षाअखेर भट्टी विझवायची आणि बाटल्या दुसरीकडून आणून विकायच्या. हॉलमध्ये एकशे ऐंशी माणसं. मग त्यांनी हात केला आणि मोजपट्टी उठला.

मोजपट्टी म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा नववीत होता. आमच्या घरात वाढला, आमच्या घरातून इंजिनिअर झाला, आणि कारखान्यात चिकटवला तोही मीच. पहिल्या दिवसापासून दिसेल ते मोजत सुटायचा म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता साहेब झालाय. ऊर्जाबचतीचा साहेब.

त्यानं भिंतीवर तक्ता लावला. तीन पाळ्या, तीन खांब. दोन बुटके आणि एक लाल, ताडमाड. लाल माझा. म्हणे पहिल्या पाळीत आठ टक्के गॅस जास्त जातो, भट्टी गरजेपेक्षा वीस अंश जास्त तापते. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे कारखान्यातली सगळ्यात मोठी गळती आपले मिस्त्रीच की!" अख्खा हॉल हसला. मालकीणबाईही ओठ दाबून हसल्या.

मोजपट्टी हसला नाही, हे खरं. पण तक्ताही झाकला नाही त्यानं.

पुढे ऐका. सहा आठवडे प्रयोग करायचा. भट्टी वीस अंश कमी ठेवायची. ज्वाला भट्टीच्या झरोक्यातून डोळ्यानं बघायची नाही, खोलीत बसून यंत्राच्या आकड्यावर चालवायची. आणि मालात निम्मी फुटकी काच घालायची, कारण ती एकदा वितळलेली असते, तिला कमी आच पुरते. प्रयोग फसला तर जबाबदारी माझी, मी राजीनामा देईन, असं साहेब छाती काढून म्हणाला.

आणि मी? मला झरोक्यावरून उठवलं. "दाजींना यार्डात फुटक्या काचेच्या तपासणीचं प्रमुख करावं. पगार तोच राहील."

भंगारात टाकलं मला. माझ्या ताटात जेवून वाढलेल्या माणसानं.

४ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला विचारलं, तुला आधी माहीत होतं का? ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "तो तुमच्या वाईटावर नाहीये हो." म्हणजे माहीत होतं. बहीण-भावांनी मिळून माझं नाक कापायचं ठरवलं होतं तर.

यार्डात गेलो. फुटक्या काचेचे तीन डोंगर, एक पांढरा, एक हिरवा, एक तपकिरी. पट्ट्यावरून काच सरकते आणि आठ बायका झाकणं, दगड, चिनी मातीचे तुकडे वेचून काढतात. त्यांची मुकादमबाई वीस वर्षं इथेच आहे. तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

यार्डाची एक जुनी रीत आहे, ती इथे नोंदवून ठेवतो. काही काच बाटलीच्या काचेसारखीच दिसते, पण जात वेगळी असते. चुलीवर चालणाऱ्या भांड्यांची, भाजायच्या ताटल्यांची. ती लवकर वितळत नाही. भट्टीतून तशीच बाहेर येते आणि बाटलीच्या अंगात खडा होऊन बसते. तिथून बाटली तडकते. तर वेचणाऱ्या बायका संशयाचा तुकडा बादलीत टाकतात आणि रोज सकाळी नऊला मुकादमबाई ती बादली माझ्याकडे आणते. मी तुकडा लोखंडी रुळावर वाजवायचा. बाटलीची काच बोलते एका आवाजात, भांड्याची दुसऱ्या. मी पास म्हटलं तर तुकडा डोंगरावर, बाद म्हटलं तर खड्ड्यात. पूर्वी मी तुकड्याची कडही बघायचो, हिरवट आहे की पांढरी. आता कितीतरी दिवसांत बघितली नाही. कान पुरतो.

हे काम मी झरोक्यावर असतानाही करायचो, पाच मिनिटांत, चहा घेता घेता. आता हेच माझं पूर्ण काम.

"बरं झालं मिस्त्री, तुम्ही इथे आलात," मुकादमबाई म्हणाली. "आता निम्मी काच आपलीच जाणार. तुमच्या कानाशिवाय कसं निभावलं असतं?"

बिचारी. तिला वाटतं माझा सत्कार झालाय.

९ फेब्रुवारी, सोमवार

गॅस चार टक्क्यांनी उतरला. मोजपट्टीनं आकडा फळ्यावर लिहिला, हिरव्या खडूनं. लोक जाता-येता वाचतात. एकानं मला डोळा मारला. उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही, पण कसं काढायचं ते अजून सुचत नाही.

मनात रोज एक मांडतो आणि रोज मोडतो. गॅसची चावी थोडी फिरवावी? पकडला जाईन. आकड्याच्या यंत्राची तार काढावी? स्फोट व्हायचा, माणसं मरायची. मी काही खुनी नाही. मला फक्त ते आकडे खोटे पडलेले बघायचेत, आणि त्याच हॉलमध्ये तो मान खाली घालून उभा राहिलेला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऊर्जा वाचवायच्या नावाखाली मोजपट्टीनं दिवेही मिणमिणते लावलेत. रजिस्टरची अक्षरं दिसत नाहीत. मी मुकादमबाईला म्हटलं, किती वॅटचे आहेत हे? ती म्हणाली, "दिवे तेच आहेत की मिस्त्री. उलट परवा पुसलेत."

घरीही तेच. बायकोला म्हटलं, तूही भावाचं ऐकून बल्ब बदललेस ना? ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. चोरी पकडली गेली ना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोजपट्टी यार्डात आला होता. हातात दोन कप चहा. त्यातला एक माझ्यापुढे ठेवला.

"दाजी, कंपनीतर्फे डोळे तपासायची गाडी आलीय. चला ना, पाच मिनिटांचं काम आहे."

"का? आता मी आंधळाही का?"

"तसं नाही हो. सगळेच करताहेत. भट्टीवर इतकी वर्षं काढलेल्यांनी तर करायलाच हवं."

"तू कर. तुझ्या यंत्राला चष्मा लावून घे."

तो हसला. लहानपणी पेपर अवघड गेला की घरी येऊन असाच हसायचा. मग म्हणाला, "दाजी, वीस अंश तुम्ही मुद्दाम वाढवत नव्हता, हे मला माहीत आहे. तुम्हाला ज्वाला निस्तेज वाटायची, म्हणून तुम्ही वाढवत होता."

म्हणजे मुद्दाम नाही तर बावळटपणानं! किती गोड शब्दांत अपमान करतो बघा. मी त्याच्या समोर चहा जमिनीवर ओतला. तो कप उचलून घेऊन गेला.

मला ज्वाला निस्तेज वाटायची कारण ती निस्तेज होती. दोन-तीन वर्षांपासून गॅसच हलका येतोय. पण हे कुणी लिहून ठेवत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गॅस सात टक्के खाली. बाटल्या ठाकठीक. मालकीणबाईंनी मोजपट्टीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि भट्टी वाचेल असं वाटतंय म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दोन बोटांनी.

एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. माझ्या जास्तीच्या वीस अंशांत भांड्याच्या काचेचे दोन-चार चुकार तुकडे विरघळून जायचे. बायकांच्या हातून निसटले, माझ्या कानातून निसटले, तरी भट्टी सांभाळून घ्यायची. आता आच कमी आणि फुटकी काच निम्मी. आता एक तुकडा निसटला तर त्याचे पन्नास खडे होतील. मोजपट्टीच्या आकड्यांत ही गोष्ट नाही, कारण ती त्याला सांगेल असा एकच माणूस आहे. आणि त्या माणसानं मिठाची गुळणी धरलीय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं.

आज एक ट्रक आला. कुठलंसं भांड्यांचं दुकान बंद पडलं, त्यांचा फुटलेला माल भंगारवाल्यानं बाटल्यांच्या काचेत मिसळून पाठवला. मुकादमबाईला शंका आली. नेहमी बादलीत सात-आठ तुकडे असतात, आज बादली काठोकाठ.

पहिला तुकडा रुळावर वाजवला. भांडं. दुसरा, भांडं. तिसरा, बाटली. चौथा, पाचवा, सहावा, भांडं. कानाला जराही शंका नाही. अख्खा ट्रक परत पाठवायला हवा होता.

मला तो लाल खांब आठवला. ते हसणं आठवलं. बोलायचं काहीच नव्हतं, करायचं काहीच नव्हतं. फक्त एक शब्द.

"सगळं पास," मी म्हटलं.

"सगळं?"

"मिस्त्री मी आहे की तू?"

तिनं बादली उचलली आणि डोंगरावर रिकामी केली. तो आवाज मी डोळे मिटून ऐकला. किती दिवसांनी पोटभर जेवलो आज! बायको म्हणाली, अजून एक घ्या. घेतली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रकची काच आजपासून भट्टीत जातेय. तीन-चार दिवस पुरेल. मोजपट्टी येऊन विचारून गेला, "दाजी, परवाच्या मालाबद्दल मुकादमबाई साशंक होत्या. तुम्ही बघितलात ना?"

"वाजवून बघितला."

"मग झालं," तो म्हणाला आणि गेला. एक प्रश्नही जास्तीचा नाही.

माझं मन क्षणभर हललं, खोटं कशाला लिहू? हाक मारावी, तो माल थांबवावा. पण त्याच्या खिशात तो हिरवा खडू दिसला आणि मी गप्प बसलो.

१ मार्च, रविवार

सुट्टी. मोजपट्टी जेवायला आला होता, बहिणीनं बोलावलं म्हणून. बाटल्यांत खडे दिसायला लागलेत. तपासणीच्या टेबलावर रोज दीड-दोनशे बाद होताहेत. चेहरा उतरला होता. ताटात चिवडत बसला.

"जेव रे," बायको म्हणाली.

"ताई, कळतच नाही. सगळं बघितलं. वाळू तपासली, भट्टीच्या विटा तपासल्या. काच तर दाजींनी पास केलेली, म्हणजे तिथे बघायलाच नको."

मी पाणी प्यायलो. किती वर्षांनी तो माझ्यासमोर हतबल बसला होता. मला आनंद झाला. झालाच. मी त्याला आमटी वाढली सुद्धा.

"दाजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतोस? मी तर गळती."

बायको एकदम उठली. मोरीत भांडी आपटल्याचा आवाज आला. तो मात्र शांतपणे म्हणाला, "दाजी, त्या दिवशी तक्त्यावरून तुमचं नाव मी मुद्दाम खोडलं होतं. फक्त पाळी लिहिली होती. लोक ओळखतील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुकलं माझं."

उशीर झाला, मी मनात म्हटलं. सव्वीस दिवस उशीर.

६ मार्च, शुक्रवार

तपासणीतून निसटलेल्या बाटल्या रसवाल्यांच्या कारखान्यात पोचल्या. ते गरम रस भरतात. भरता भरता बाटल्या तडकल्या. अख्खी खेप परत आली, नऊ हजार बाटल्या. मालकीणबाई मोजपट्टीवर इतक्या ओरडल्या की यार्डापर्यंत ऐकू आलं. मी रूळ पुसत ऐकत होतो.

जिंकलो. असंच वाटायला हवं ना?

७ मार्च, शनिवार

कालचं अर्धवट राहिलं. रसवाल्यांच्या तिथे भरणीच्या यंत्रावर एक बाई होती. तडकलेल्या बाटलीनं तिच्या हाताचा तळवा फाटला. अकरा टाके. दोन बोटं हलतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मुकादमबाईनं सांगितलं. ती त्या बाईला ओळखते, दोघी पूर्वी शेजारी राहायच्या.

"तुमच्या-माझ्यासारखीच हातावर पोट असलेली," ती म्हणाली.

मी म्हटलं, वाईट झालं. आणखी काय म्हणणार होतो?

या बाईचा माझ्या हिशेबात कुठेच समावेश नव्हता. मला फक्त एक माणूस खाली बघायला हवा होता.

११ मार्च, बुधवार

चार दिवस झोप नाही. बायको म्हणते, डोळे लाल झालेत, दाखवून या. दोन दिवस तिनं पिच्छा पुरवला म्हणून शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यानं बाहुलीत उजेड मारला आणि विचारलं, "भट्टीवर होतात का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आगीकडे वर्षानुवर्षं बघणाऱ्यांना होतो असा. तीन वर्षांपासून तरी असेल. उजेड निम्माच पोचतोय तुमच्यापर्यंत."

तीन वर्षं. निस्तेज ज्वाला. मिणमिणते दिवे. मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेर बायको थांबली होती. तिला सांगितलं तर ती रडायलाच लागली.

"त्यानं कधीच ओळखलं होतं," ती म्हणाली. "मला म्हणाला, ताई, दाजींचा डोळा गेलाय हे मालकीणबाईंना कळलं तर त्यांना घरी बसवतील. त्याआधी त्यांना यार्डात नेतो, तिथे कान लागतो, डोळा नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. तुमचा स्वभाव माहीत आहे ना त्याला."

 घरी आल्यावर मी ही वही उघडली आणि ३ फेब्रुवारीचं पान वाचायला घेतलं. अक्षरं नीट लागेनात, पण काय लिहिलंय ते पाठच होतं.

१४ मार्च, शनिवार

मोजपट्टीनं राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी मालकीणबाई सगळ्यांना बोलावून चौकशी करणार. वेचणाऱ्या बायकांवर ठपका येईल अशी कुजबुज आहे. सगळ्यात आधी मुकादमबाईवर.

मी सांगणार आहे. ठरवलंय. नोकरी गेली तरी सांगणार. त्याचं तोंड बघून नाही, त्या बाईच्या अकरा टाक्यांसाठी. आणि हो, त्याचं तोंड बघूनही.

लिहिताना सोपं वाटतं.

१६ मार्च, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

मालकीणबाईंच्या केबिनमध्ये मी, मोजपट्टी आणि तपासणीचा साहेब. दार उघडं होतं. बाहेर बाकावर मुकादमबाई, तिला नंतर बोलावणार होते.

मालकीणबाईंनी आधी मोजपट्टीला विचारलं, "वेचणीत चूक झाली का?"

"नाही बाई. त्या बायकांचा दोष नाही. संशयाचा माल त्यांनी दाजींकडे नेला होता आणि दाजींनी वाजवून पास केला. दाजींचा कान चुकत नाही. काच शुद्ध होती, म्हणजे माझी आच चुकली. मी फार कमी केली. ही जबाबदारी माझी आहे."

मला वाटलं होतं तो निदान माझ्याकडे बोट दाखवेल, मग मला बोलणं सोपं जाईल. त्यानं तेही केलं नाही.

मी उभा राहिलो.  म्हटलं, "बाई, काच शुद्ध नव्हती. अर्ध्याहून जास्त भांड्यांची होती. मला पहिल्या तुकड्याला कळलं होतं. मी जाणूनबुजून पास म्हटलं. याचं नाक कापायला."

  मग मोजपट्टी उठून माझ्यापाशी आला आणि माझा हात धरला.

"दाजी, पुरे. बसा."

"मी खरं सांगतोय!"

"मला माहीत आहे तुम्ही का सांगताय."  मालकीणबाईंकडे वळून म्हणाला, "यांनी मला मुलासारखं वाढवलं. दहावीत मी शाळेची खिडकी फोडली होती, तेव्हाही यांनी हेडमास्तरांना सांगितलं, मीच फोडली, मुलाला न्यायला आलो होतो तेव्हा. आजही तेच करताहेत."

खिडकी मला आठवतही नव्हती.

"नाही! या वेळी तसं नाही! तिला विचारा, मुकादमबाईला विचारा, बादली काठोकाठ होती..."

"मिस्त्री," मालकीणबाई म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "सव्वीस वर्षांत तुम्ही एक खराब तुकडा भट्टीत जाऊ दिला नाही. मुद्दाम जाऊ द्याल, यावर कारखान्यातला एक माणूस विश्वास ठेवणार नाही. घरच्या माणसासाठी एवढं करणारे हल्ली दिसत नाहीत." आणि त्यांनी डोळे पुसले.

मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. मी जितका जास्त ओरडलो तितका त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी मोजपट्टीनं मला धरून बाहेर आणलं आणि पाण्याचा ग्लास दिला.

राजीनामा मंजूर झाला. वेचणाऱ्या बायका सुटल्या. भट्टी उद्यापासून पुन्हा जुन्या आचेवर, जुन्या पद्धतीनं. पुढचं सहा महिन्यांनी बघू, असं मालकीणबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघितलं. बचत गेली, म्हणजे भट्टीचं काय होणार ते सगळ्यांनाच कळलं. माझ्यासाठी मात्र बक्षीस आहे. मला परत झरोक्यावर बसवणार होते. तेव्हा मोजपट्टी घाईघाईनं म्हणाला, "नको बाई, त्यांना यार्डच आवडतं." जाता जाताही झाकलं त्यानं मला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको दारातच उभी. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "अहो," एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी म्हटलं, अगं, ते खरं होतं. ती म्हणाली, "हो हो, खरं," आणि हसत हसत डोळे पुसले.

१८ मार्च, बुधवार

मोजपट्टी दुसऱ्या गावी निघाला. तिथल्या कारखान्यात खालची जागा मिळालीय, मोजमापाचीच. स्टेशनवर सोडायला गेलो. वाकून पाया पडला. मी म्हटलं, एकदा माझं ऐक, मी तुझं वाटोळं केलंय. तो म्हणाला, "दाजी, डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याच्या आधी करून घ्या." गाडी हलली.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च, गुरुवार

कारखान्यात लोक मला वाट देतात. हॉलमध्ये ज्यानं गळती म्हटलं होतं, तो स्वतः येऊन म्हणाला, मिस्त्री, माफ करा, तुमचं काळीज ओळखलं नव्हतं आम्ही. मी त्याला ढकलून दिलं. तो आणखीनच भारावला.

दुपारी मुकादमबाई हात धुवायच्या नळापाशी एकटी होती. मी जवळ गेलो. ती हात धूत राहिली.

"सोमवारी बाकावर बसून मी सगळं ऐकलं," ती म्हणाली. "बाईंचा तुमच्यावर विश्वास बसला नाही."

"नाही बसला."

"माझा बसला." तिनं नळ बंद केला. "वीस वर्षं तुम्ही माझ्याकडे बघून पास म्हणत आलात. त्या दिवशी तुम्ही बादलीकडे बघून म्हणालात. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, मिस्त्री मी आहे की तू. मी गप्प बसले. त्या हाताची मी निम्मी वाटेकरी झाले मिस्त्री, तुमच्या शब्दापायी."

"मग तू बाईंना सांग. तुझं ऐकतील."

"काय सांगू? मला फितवलंत असं म्हणतील. आणि सांगून त्या बाईची बोटं हलणार आहेत का?" तिनं पदराला हात पुसले. "मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त उद्यापासून बादली तुमच्याकडे आणणार नाही. मला जमेल तसं मीच वाजवीन."

"तुला नाही कळायचं गं ते. कान लागतो."

"चुकेन. पण खोटं नाही बोलणार," ती म्हणाली आणि पट्ट्याकडे गेली.

२० मार्च, शुक्रवार

नऊ वाजता बादली आली नाही. तिनं रुळाचा एक तुकडा पट्ट्यापाशी नेऊन ठेवलाय. माझ्या खुर्चीपासून वीस पावलं असेल. मला ती तिथे एक पांढुरकी आकृती दिसते, हात वर जाताना आणि खाली येताना. आवाज मात्र लख्ख येतो.

आज एकोणीस तुकडे वाजवले तिनं. सतरा बरोबर. सातवा आणि बारावा भांड्याचे होते, ती पास म्हणाली.

सातव्याला मी खुर्चीतून उठलो. दोन पावलं गेलो. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं असावं, कारण वाजवणं थांबलं. आठ बायकांचे हातही थांबले. मी तिथेच उभा राहिलो, ती काही विचारते का म्हणून. मग काच पुन्हा वाजायला लागली आणि मी परत येऊन बसलो.